हॉलच्या मधोमध काढलेला नमुना

हसू नका असं मी म्हणणार नाही. हसाच. घरातल्यांचं हसून झालंय, आता तुमची पाळी.

चाळीस वर्षं मी नाशकात फरशी घासली. देवळ्याहून चौथी शिकून आलो आणि थेट पॉलिशचं मशीन धरलं. शहाबादी, कोटा, मोझेक. माझ्या हातच्या फरशीत बघून माणसाने भांग पाडावा. पण आता टाइल्स दुकानातूनच चकाकत येतात. माझं मशीन गेलं जिन्याखाली आणि मी ओट्यावर.

मुलाने, संजयने, लाकडी फरश्या साफ करायचा धंदा काढला. लोक आता लाकडावर चालतात. चालोत. मशीनवर संजय, फोनवर सून कल्पना. आणि मी? मी वाटाणे सोलायला.

त्या दिवशी संजय सिन्नरला कामावर होता. कल्पनाला नातीच्या शाळेत बोलावलं होतं. तेवढ्यात गंगापूर रोडच्या एका बंगल्यातून बाईंचा फोन आला. आजच येऊन दर सांगा, नाहीतर दुसऱ्याला बोलावते. मी म्हणालो, मी जातो. कल्पनाने आधी माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे.

"जा आबा. पण नुसतं बघायचं आणि दर सांगायचा. हात लावायचा नाही. हे काम आलं तर यापुढे दर सांगायला तुम्हीच जायचं."

कळलं ना? काम आलं तर मी धंद्यात. नाही आलं तर वाटाणे.

मग तिने मला दर पढवले. नुसत्या सफाईचा एक, खोल सफाईचा दुसरा, वर पॉलिशचा हात असेल तर सगळ्यात वरचा. सगळं चौरस फुटावर. मी ऐकून घेतलं. आमच्या काळी दर गिऱ्हाइकाच्या दारातल्या चपला बघून ठरायचा. आणि दराआधी नमुना. हातभर जागा घासून दाखवायची, गिऱ्हाईक गार पडलं की दर बोलायचा. नमुना न दाखवता दर बोलतो तो दलाल, कारागीर नव्हे. म्हणून मी पिशवीत घासायचा दगड टाकला आणि पांढऱ्या पावडरची पुडी टाकली. हीच पावडर शेवटी पाण्यात घासली की मोझेकचा आरसा होतो.

बंगल्यात बाई एकट्याच. वय माझ्याएवढंच. दारात चपला चांगल्या होत्या. आत हॉलभर सागवान, मधाच्या रंगाचं. त्यांच्या नवऱ्याने एकेक फळी निवडून बसवलेलं. ते आता नाहीत.

"डाग तेवढे जाऊ द्या, काका. रंग मात्र हाच राहू द्या," एवढं सांगून बाई चहा टाकायला आत गेल्या.

नमुना कोपऱ्यात काढायचा असतो, कपाटामागे. हाताखालच्या पोरांना हे मीच शिकवलं. पण माझी कारागिरी मी कपाटामागे लपवू? मी हॉलच्या मधोमध बसलो, खिडकीचा उजेड पडतो तिथे. प्यायला दिलेलं पाणी ओतलं, पावडर टाकली, दगड चालवला. पुसून बघतो तर तुकडा असा गडद, असा तेजदार, की माझाच ऊर भरून आला.

बाई ट्रे घेऊन आल्या. बघून म्हणाल्या, सुरेख दिसतंय. मी तिथल्या तिथे सगळ्यात वरचा दर सांगितला. त्यांनी घासाघीस केली नाही. मी कल्पनाला फोन लावला.

"काम घेतलं. वरच्या दराने. टेप घेऊन ये."

"आबा, हात नाही ना लावला?"

मी फोन ठेवला.

बाई म्हणाल्या, उन्हातून आलात, घाम आलाय. आणि त्यांनी पंखा लावला.

अर्धा कप चहा झाला आणि तुकड्याची कड पांढरी दिसायला लागली. दगड पाणी पीत नाही, लाकूड पितं. ओलं लाकूड गडद दिसतं, हे देवळ्यातल्या बैलालाही ठाऊक असेल. मला आठवलं ते पंखा फिरायला लागल्यावर. बघता बघता काळ्या म्हशीच्या कपाळावर चांद उगवावा तसा तो तुकडा उगवला.

बाई नवऱ्याच्या आठवणी सांगत होत्या. मी पाणी मागितलं. त्या वळल्या की भांडं तुकड्यावर उपडं करायचं, पायाने पसरायचं. लगेच गडद. पंखा फिरला की पुन्हा पांढरा. पुन्हा पाणी मागितलं. आणि प्रत्येक पाण्याबरोबर मुरलेली पावडर लाकडाचा रंग आणखी खात होती, हे मला कोण सांगणार? तुकडा ताटाएवढा होता, तो परातीएवढा झाला.

"काका, शुगर आहे का तुम्हाला?" बाईंनी काळजीने विचारलं. "फार पाणी पिताय."

मी हो म्हणालो. आयुष्यात मला शुगर नाही. बाईंनी पुढ्यातली बिस्किटंही उचलून नेली. त्या तेवढ्या वेळात मी खांद्यावरचा पंचा काढून तुकड्यावर अंथरला आणि देवाचं नाव घेत बसलो.

देवाने कल्पनाला पाठवलं. आनंदाने आली. बाईंना नमस्कार केला, माझ्याकडे बघून हसली. लग्न होऊन आल्यापासून ती अशी माझ्याकडे बघून हसली नव्हती.

"आबा, पंचा पडलाय तुमचा," ती म्हणाली, आणि चांगल्या घरची सून म्हणून वाकून तिनेच तो उचलला.

पंखा तेवढा फिरत होता.

बाईंनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग शांतपणे म्हणाल्या, "काका, तुम्ही सांगितलेला दर हे करण्याचा आहे, की न करण्याचा?"

मला शिव्या चालल्या असत्या.

कल्पनाने हात जोडले. तिने मोबाइलवर तुकड्याचा फोटो काढून संजयला पाठवला. दुसऱ्या दिवशी संजय आला, तुकडा तासला, रंग जुळवला आणि सगळा हॉल फुकट करून दिला. मी बाहेर पायरीवर बसलो होतो. काम झाल्यावर बाई स्वतः बाहेर आल्या, म्हणाल्या, अगदी ह्यांनी बसवलं तेव्हासारखं दिसतंय. आणि मला चहा दिला. बिनसाखरेचा.

मी घरी येऊन वाटाण्याची टोपली पुढे ओढली.

पण कल्पनाला धंदा कळतो. बाईंना विचारून तिने दोन फोटो जोडून जाहिरात टाकली. 'आधी' म्हणून माझा तुकडा. 'नंतर' म्हणून संजयचा हॉल. फोन थांबेनात.

परवा एक गिऱ्हाईक फोनवर विचारत होतं, दर राहू द्या, आधी हे सांगा, लाकडाची एवढी वाट लागायला काय लागतं? कल्पनाने फोन माझ्या हातात दिला. "आबा, दर माझ्याकडे. हे तुम्ही सांगा."

काय सांगणार?

"चाळीस वर्षांचा अनुभव," मी म्हणालो, आणि वाटाणे सोलायला घेतले.