वाचून दाखवलेला शेवट

काचबिंदूनं ताईची नजर दोन्ही बाजूंनी मिटत आली, तेव्हा तिनं एकच मागितलं. "डोळे हायेत तोवर मले त्या पायऱ्या दाखव."

कोकणातल्या एका जुन्या बंदरावरची ती कादंबरी. तिच्यातली बाई समुद्रात उतरणाऱ्या पायऱ्यांवर बसून, गलबतावर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहते. ती कादंबरी ताईला मीच वाचून दाखवली होती, अकोल्याच्या घरी, बारावीत असताना. ताईचा नवरा तिला टाकून निघून गेला होता आणि ती माहेरी वाती वळत बसायची. वाचनालयाच्या प्रतीची शेवटची पानं कोणीतरी फाडून नेली होती. ताई कापूस हातात तसाच धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी पुठ्ठ्याकडे बघत शेवट रचला : नवरा परत येतो.

पुढच्या वर्षी अमरावतीला कॉलेजात अख्खी प्रत मिळाली. नंतर दिवाळीत ताईला परतवाड्याहून स्थळ आलं. माणूस भला होता. ताई नवऱ्याची वाट सोडायला तयार नव्हती. म्हणाली, "थो येईन. पुस्तकातला आला नाई का?" खरा शेवट मी तिला सांगितला नाही. आई अंथरुणाला खिळलेली. ताई गेली असती तर मला शिक्षण सोडून घरी बसावं लागलं असतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

इतक्या वर्षांनी आम्ही त्या बंदरावर पोचलो तेव्हा ओहोटी होती. ताई पायरीवर बसून दगड चाचपत होती. शेजारी एक होडीवाला गिऱ्हाइकाची वाट बघत होता.

"भाऊ, त्या पुस्तकातल्या बाईचा नवरा कोनत्या पायरीवर उतरला?" ताईनं त्याला विचारलं.

तो हसला. "तो कुठला येतोय, मावशी? शेवटी तीच कंटाळते, उठते, घरी जाऊन दुसरं लग्न करते. लोक फोटो काढतात इथे, ती उठली म्हणून."

ताईनं मान माझ्याकडे वळवली. "हा काय म्हनून रायला?"

"खरं हाये, ताई. शेवट मी रचला होता."

"तुले कधी समजलं?"

खोटं बोलता आलं असतं. "परतवाड्याचे पाहुणे यायच्या आधी."

ती पाण्याकडे तोंड करून बसून राहिली. मी काय काय बोललो, आठवत नाही. मग ती उठली. मी हात पुढे केला, तो तिनं बाजूला सारला. पावलानं कडा शोधत ती एकटीच वर चढू लागली. शेवाळावर पाय घसरला, गुडघा टेकला, तरी तिनं हात मागितला नाही.