वाढत्या अंगाचा बोर्ड

आमच्या घरात कुठलीही वस्तू मापाची घ्यायची पद्धत नाही. डोंबिवलीत लहानाचा मोठा होत होतो तेव्हा वडील माझे बूट एक नंबर मोठे घेत आणि पुढे कापूस कोंबत. बूट पायाला नीट बसेपर्यंत त्यांचा तळ गेलेला असे. एवढं भोगूनही मुलीच्या बाबतीत मी तेच केलं. तिचा गणवेश घोट्याकडे निघालेला असायचा, सायकलवर तिचे पाय पोचायचे नाहीत. "वाढतं अंग आहे," असं दुकानदाराला सांगताना मला आपण फार जबाबदार बाप आहोत असं वाटायचं.

मुलगी आता नोकरी करते आणि सुट्टीत कोकणात जाऊन काइटसर्फिंग शिकते. पायांना बोर्ड, म्हणजे एक फळी अडकवायची, वर भलामोठा पतंग, आणि वारा नेईल तसं पाण्यावरून घसरत जायचं. बाळकुमच्या आमच्या सोसायटीत हे सांगितलं की लोक आधी तिच्या लग्नाचं विचारतात.

यंदा तिच्या शिक्षकांनी अट घातली होती. जोरदार वाऱ्यात, उसळत्या पाण्यावर स्वतःच्या बोर्डवर उभी राहिलीस, तरच पुढच्या तुकडीत. बोर्ड वाढदिवसाची भेट म्हणून मी देणार, असं मी जाहीर केलं. तिने मोबाइलवर एक निवडला, "बाबा, फक्त पैसे भर," म्हणाली आणि आंघोळीला गेली.

मी पाहिलं तर बोर्ड आखूड, अरुंद आणि दोन्ही टोकांना वर वळलेला. पावसाळ्यात आमच्या बाथरूमचं दार असंच वाकतं. खालीच एक लांब, रुंद, सरळसोट बोर्ड होता, आणि तोही त्याच किमतीत! बाथरूममध्ये पाणी चालू आहे याची खात्री करून मी मोठा मागवला.

खोका आला तो निघायच्या आदल्या संध्याकाळी.

"बाबा, हा कुठला?"

"अगं, त्याच भावात मोठा मिळत होता. तुला पुढेही होईल."

"पुढे? सव्वीस वर्षांची आहे मी. अजून किती वाढू?"

"आणि तो दुसरा वाकलेला होता."

"वाकलेलाच हवा रे! टोक लाटेत घुसत नाही. आणि वारा जास्त असला की बोर्ड छोटा लागतो. मोठा ताब्यातच राहत नाही."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, तिच्या बारशाचं झबलं तिला बालवाडीत बसलं होतं. तुम्हाला कोण काय सांगणार?"

बदलून घ्यायला वेळ नव्हता. अपराधी मनाने मी गाडी चालवायला सोबत गेलो.

किनाऱ्यावर वारा असा होता की डोळे उघडवत नव्हते. खड्ड्यांतून रिक्षा जावी तसा तो बोर्ड लाटालाटांवर आपटत होता. ती पडली, उठली, पुन्हा पडली. सायकलवरून पडायची तेव्हा मी लांबून ओरडायचो, "होईल सवय!" तेच वाक्य पुन्हा तोंडात आलं. स्वतःची इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल.

शिक्षकांनी तिला बाहेर बोलावलं. "हा हलक्या वाऱ्याचा बोर्ड आहे. तोही वजनदार माणसाचा. कोणाचा उचलून आणलास?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पोट आत घेतलं.

"बाबांचा," ती म्हणाली.

हसू दाबत त्यांनी आपला छोटा, वळलेल्या टोकांचा बोर्ड तिला दिला. त्याच वाऱ्यात, त्याच लाटांवरून ती अशी सरळ निघाली की मला तिला हाक मारावीशी वाटली, पण काय म्हणून मारू ते सुचेना. बोर्ड स्वतःचा नसला तरी तुकडीत तिला घेतलं. तोवर मोठा बोर्ड उडून जाऊ नये म्हणून मी त्याच्यावर बसून होतो. खरं सांगायचं तर मला तो अगदी मापात होता.

गेल्या महिन्यात तिने स्वतःच मागवलेला बोर्ड आला. खोका सोफ्याच्या मागे सहज मावला. "एवढासाच?" हे अगदी ओठांवर आलं होतं. ती माझ्याकडेच बघत होती. मी चहाचा मोठा घोट घेतला.