सेबल, रोन आणि राजाराम

आमच्या घाटकोपरच्या कॉलेजात राजाराम तेवीस वर्षं प्राणीशास्त्राचा लॅब अटेंडंट होता. शिकलेला दहावीपर्यंत, पण म्युझियममधलं हाड न् हाड त्याच्या ओळखीचं. भिंतीवर दोन आफ्रिकी हरणांची पेंढा भरलेली मुंडकी होती, सेबल आणि रोन. दोघं चुलतभाऊच, तोंडावर तेच काळंपांढरं. राजाराम धूळ पुसता पुसता पोरांना सांगायचा की सेबलची शिंगं लांबलचक, मागे वळलेली. रोनची आखूड, पण कान गाढवासारखे आणि टोकाला केसांचा झुपका. आमच्या लेक्चरपेक्षा ते त्यांच्या जास्त लक्षात राहायचं.

तपासणी समिती येणार म्हणून विभागप्रमुख देवदत्त सरांनी नव्या पितळी पाट्या आणल्या आणि स्वतः उभं राहून लावून घेतल्या. उलट्या, सेबलची रोनखाली आणि रोनची सेबलखाली. राजारामने ते नेमकं भर वर्गात सांगितलं. पोरं हसली, सरांचं तोंड उतरलं आणि पाट्या तशाच राहिल्या. सर हुशार, पण एक नंबरचे खुनशी.

राजारामची मुलगी अक्षता आमच्याकडेच शिकत होती. पदवी हातात आली की पवईच्या एका लॅबमध्ये नोकरी ठरली होती. शेवटच्या प्रॅक्टिकलला सरांनी ओळखायला तीच दोन मुंडकी ठेवली. नावं झाकायला पाट्यांवर कागद चिकटवायचं काम राजारामचं. तो खुशीत होता, कारण हे तिला लहानपणापासून पाठ होतं. अक्षताने शिंगं पाहिली, कान पाहिले आणि बरोबर लिहिलं. सरांनी पाट्यांप्रमाणे तपासलं. पाट्या घोकून आलेले पास झाले आणि ती दोन मार्कांनी गेली.

मार्कलिस्टवर दुसरी सही माझी आहे. मला फरक माहीत होता. पण मला नोकरीत कायम करणं सरांच्या हातात होतं. भित्री होते मी, दुसरं काही नाही.

प्रॅक्टिकलचं रीचेकिंग होत नाही, म्हणून राजाराम हात जोडून आला.

"सर, माझा राग तिच्यावर का काढता?"

"पाटीवर काय आहे ते वाच ना," सर म्हणाले. "वाचता येतं ना तुला?"

निकाल लागला. पवईच्या लॅबने दुसरी मुलगी घेतली. त्यानंतरच्या सोमवारी सरांनी राजारामला स्टुलावर चढवून पाट्यांची अदलाबदल करून घेतली. मी तिथेच होते.

"तुझंच बरोबर होतं रे," सर खालून म्हणाले. "घरी अक्षताला सांग."

राजाराम "हो सर" म्हणाला आणि दुसऱ्या पाटीचे स्क्रू पिळत राहिला.