दुपारपर्यंत पायाशी आलेली माळ

माझ्या भाचीचं पिवळेपण साधंसुधं नव्हतं. तिच्या गालाशेजारी हळकुंड धरलं असतं, तर हळकुंडच पांढरं पडलं असतं! आणि खापर कुणावर? माझ्या बहिणीवर. ती रावेरकडच्या केळीच्या बागेतली, दिली साक्रीकडे. “पोटुशी असताना माहेरची केळी खाल्ली, म्हणून पोर पिवळी,” हा सासरचा निकाल. अहो, तसं असतं तर आमचा अख्खा तालुका पिवळा जन्मला असता, आणि मी तर घडासकट!

महिन्याभराच्या पोरीला बघायला गेलो, तर अंगावर काविळीची माळ. औषधी झाडाच्या मुळ्यांची ही माळ डोक्यावर ठेवतात. ती सुकते तशी सैल होत खाली सरकते, पायातून निघाली की कावीळ उतरली म्हणायचं. मोठ्या माणसाला बरेच दिवस लागतात. आमची भाची दुधी भोपळ्याएवढी! सकाळची माळ दुपारी पायाशी.

“भाऊ, कावीळ बठ्ठी उतरनी!” सगळी उतरली म्हणत बहिणीच्या सासूनं पेढा पुढे केला.

तेवढ्यात बहिणीनं लंगोट बदलला, आणि मी पेढा परत ताटलीत ठेवला. शी पांढरी, भिंतीला लावायच्या चुन्यासारखी.

“अक्का, हे काय?” मी सासूला विचारलं.

“दूधच पेस ती. मंग काय काळी व्हई?”

“वासरूही दूधच पितं, अक्का! त्याचं शेण पांढरं पाहिलं का कधी?”

बहीण हळूच म्हणाली, “दादा, कधीची अशीच आहे. मी सांगत होते, कुणी ऐकलंच नाही.”

त्यावर मी असा ओरडलो, की सोनगीरच्या किल्ल्याचे दोन-चार दगड नक्की ढळले असतील. पोरीला उचललं आणि थेट धुळं गाठलं.

डॉक्टर म्हणाले, यकृतातून आतड्यात पित्त नेणारी नळी जन्मतःच बंद आहे. पित्तच उतरत नाही, म्हणून शीला रंग नाही. केळ्यांचा काडीचा संबंध नाही. ऑपरेशन जितकं लवकर, तितकी आशा जास्त. दोन महिने उलटले की यकृत हातचं जाऊ लागतं.

ऑपरेशन झालं. मग आम्ही सगळे एका लंगोटाकडे डोळे लावून बसलो. अखेर तो रंगला! मी तो वॉर्डभर मिरवला. नर्सनं हाकललं नसतं तर बसस्टँडपर्यंत नेला असता.

सासूनं डोळे पुसले, पिशवीतलं केळ सोलून बहिणीपुढे धरलं. बहिणीनं ते खाल्लं. मला नाही विरघळता आलं. यकृत पुढे किती साथ देईल, हे डॉक्टरही सांगत नाहीत. आणि केळ्यांवर खापर फोडत, माळेवर विसंबून घालवलेले दिवस कुठल्याच दुकानात मिळत नाहीत.