वाट दिली म्हणून

ती घटना आठवली की आजही मला गुन्हेगारापेक्षा स्वतःचीच जास्त लाज वाटते.

कोल्हापूर संस्थान विलीन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. मी तेव्हा फौजदार होतो. एका दुपारी हातकणंगल्याच्या रस्त्यावर एक टॅक्सी चरात उलटली. ड्रायव्हर एकटाच होता; त्याचा पाय मोडला. राजारामपुरीतला हा माणूस वाटेत बंद पडलेली कुणाचीही गाडी दिसली की थांबायचा. दवाखान्यात जबाब घेतला तेव्हा म्हणाला, "खड्डा चुकवाय गेलो साहेब. चूक माझीच."

पण पंचनाम्यात टॅक्सीच्या उजव्या बाजूला हिरवा रंग घासलेला आढळला होता. खड्डा चुकवताना असा रंग लागत नाही.

दोन दिवसांनी एक बैलगाडीवाला आपणहून ठाण्यात आला. "टॅक्सीवाल्यानं हात करून ट्रकाला वाट दिली. तरी ट्रकानं दाबलीच की," तो म्हणाला. नंबर त्याला वाचता येत नव्हता, पण ट्रकाच्या मागच्या फळीवर पोपट काढलेला होता, हे त्याने नीट पाहिलं होतं.

तो हिरवा ट्रक गडमुडशिंगीत सापडला. त्याच्या ड्रायव्हरला ठाण्यात आणलं. तीन तास एकच उत्तर: "मी त्या रस्त्यानं गेलतोच न्हाय." आवाज चढवणारे लवकर फुटतात, हा थंडपणे तेच तेच सांगणारा होता.

तेवढ्यात त्याची बायको भाकरी घेऊन आली. कडेवर वर्षाचं मूल. बाहेर हवालदाराला तिने आधी विचारलं, "त्या टॅक्सीवाल्या दादांचा पाय कसा हाय?"

दार उघडं होतं. माझ्यासमोरच्या माणसाने ते ऐकलं आणि खाली मान घातली.

"बघितलंसा साहेब? आधी त्याची चौकशी."

मग तो बोलत गेला. बाळंतपणाच्या वेळी तो माल घेऊन परगावी होता. बायको रस्त्याकडेला कळा देत बसलेली. या टॅक्सीवाल्याने तिला दवाखान्यात पोचवलं, भाडंही घेतलं नाही. "तवापास्नं घरात त्याचंच नाव. देवमाणूस म्हणं. मी रोज राबतो, माझं नाव कोण घेतंय? त्या दिवशी त्यानं हसून वाट दिली. ते हसणं डोक्यात गेलं."

मी पुन्हा दवाखान्यात गेलो. टॅक्सीवाल्याने ट्रक ओळखला होता.

"मग खोटं का सांगितलंत?"

"त्या लेकराच्या बाला मी कसा आत घालू?"

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. गाडीवानाची साक्ष आणि रंगाचा नमुना यांवर खटला उभा राहिला. ट्रकवाल्याला शिक्षा झाली. टॅक्सीवाला पुढे लंगडतच गाडी चालवू लागला, आणि ट्रकवाला तुरुंगात असेतो त्या माय-लेकराला अधूनमधून बाजारातून गावी सोडत असे.

आरोपपत्र लिहिताना मला माझा थोरला भाऊ आठवत होता. वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात तो उशाशी होता, मी बंदोबस्तावर. आई त्याचं कौतुक करू लागली की मी उठून जायचो. दोन वर्षं मी त्याला पत्र टाकलं नव्हतं. आपल्या माणसांसाठी जे आपण करायला हवं होतं, ते दुसऱ्याने केलेलं सोसत नाही.

त्या ट्रकवाल्यात आणि माझ्यात फरक एवढाच होता, की भाऊ समोर आला तेव्हा माझ्या हातात स्टिअरिंग नव्हतं.