पंडित आप्पांचा तिसरा बूट

सुरतेच्या नवागामात जुन्या माणसांना विचारा, फुटबॉलच्या बुटाला काय म्हणतात. ते 'पंडित' म्हणतील. कंपन्यांची नावं आमच्याकडे फार नंतर आली. तोवर मैदानात एकच प्रश्न असायचा, 'पंडित घातलाय का?' चपला शिवणाऱ्या घरात पोराचं नाव पंडित ठेवलं म्हणून गावाकडे लोक हसले होते म्हणे. हसणाऱ्यांची नावं आता कुणाच्या तोंडात आहेत ते मला माहीत नाही. आमच्या पंडित आप्पांचं नाव मात्र पंचवीस वर्षं पोरांच्या पायात होतं.

मी लखन. पांडेसऱ्यात एका डाइंग मिलच्या गेटवर बसतो, आत-बाहेर जाणाऱ्या टेम्पोंचे नंबर लिहितो. बसतो म्हणजे बसावंच लागतं, उजवा गुडघा वाकत नाही. मी तोंडाचा फाटका माणूस आहे, मिलमध्ये शेठलासुद्धा तोंडावर बोलतो. पण एक गोष्ट या फाटक्या तोंडातून अठरा वर्षं बाहेर पडली नाही. आप्पांची गोष्ट सांगायची तर तीही सांगावी लागेल, त्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही.

आप्पा चौऱ्याऐंशी साली अमळनेर तालुक्यातून सुरतेला आले. दोन वर्षं लूम चालवला. रुईनं खोकला धरला तेव्हा पाण्याच्या टाकीजवळ पत्र्याची टपरी टाकली आणि वडिलांची आरी-रापी हातात घेतली. पुष्पामावशी, त्यांची बायको, शेजारी शिलाईचं मशीन घेऊन बसायची. रविवारी डिंडोलीच्या बाजूच्या मोकळ्या रानात लूमची पोरं फुटबॉल खेळायची, कुणी अनवाणी, कुणी कॅनव्हासच्या बुटात. एकदा एका बंगाली मास्तरनं आपला फाटका खेळायचा बूट शिवायला दिला. आप्पांनी शिवला नाही, उसवला. टाका न् टाका सुटा करून चार दिवस समोर मांडून ठेवला, आणि मग पुन्हा जोडला. मास्तर चिडला होता, पण बूट पाहून गप्प झाला.

त्यातून पहिला पंडित झाला. घोट्याच्या वर जाणारा, पुढून दगडासारखा टणक. तळाला चामड्याच्या चकत्या एकावर एक ठेवून खिळ्यांनी ठोकलेले स्टड. पाऊस लागला की एकेक बूट वीट होऊन जायचा, आणि अर्ध्या खेळात खिळे वर येऊन तळव्याला टोचायचे. तरी पोरं रांग लावायची, कारण दुसरं होतं काय? आप्पा मात्र दर रविवारी रानाच्या कडेला उकिडवे बसून बघत असायचे. चेंडू कुठं चालला याकडे त्यांचं लक्ष नसायचं, ते फक्त पाय बघायचे. खेळ संपला की एकच विचारायचे, "टाच हलते का?"

दुसऱ्या पंडितात खिळे गेले. ट्रकच्या जुन्या टायरमधून तळ आणि स्टड एकसंध कापायला लागले. घोट्यावरचं चामडं उतरवलं, पाय मोकळा वळू लागला. दोऱ्यासाठी लूमच्या बॉबिनवर उरलेला धागा सात पदरी वळून मेणात बुडवायचे. तो टाका उसवलेला मी पाहिला नाही. तिसरा यायला मात्र दहा-बारा वर्षं लागली. पुढची टणक टोपी काढून बकऱ्याचं मऊ कातडं लावलं, आणि ते ताणू नये म्हणून मावशीनं त्यावर दोन्ही बाजूंना चार-चार ओळी शिलाई घातली. लेसवर दुमडणारी लांब जीभ. हातात घेतला तर वाटायचं, आत काही ठेवायला विसरलेत. आप्पांनी पहिला जोड केला त्या दिवशी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला. ते साल दोन हजार सहा.

माप घ्यायची त्यांची पद्धत होती. गिऱ्हाईक स्टुलावर, आप्पा खाली. मांडीवर गोणपाट टाकायचे आणि तुमचा पाय त्यावर घ्यायचे. वडीलधाऱ्याच्या मांडीवर पाय ठेवायचा म्हणजे जीव कसनुसा व्हायचा. अंगठ्यानं घोट्याभोवती दाबून बघायचे, मग कागदावर पाय ठेवून पेन्सिल फिरवायची. आणि नियम पक्का, माप सकाळीच, रात्रभर झोपलेल्या पायाचं. पाळीवरून आलेल्याला हाकलून द्यायचे. म्हणायचे, "बारा तास उभा राहिलेला पाय म्हणजे फुगलेला पाव. त्याचं माप घेऊन मी काय करू?" हे अहिराणीतच बोलायचे, मी जरा सरळ करून सांगतोय.

त्याच साली, फायनलच्या आठवड्यात, लूमवर माझी रात्रपाळी होती. रविवारी फायनल. मी डावीकडून पळायचो, बरा पळायचो, लोक माझं नाव घेऊन ओरडायचे, त्यामुळे डोकं आभाळाला लागलं होतं. आप्पा फायनलआधी तिसऱ्या पंडिताचे दोनच जोड करणार होते, आणि मला त्यातला एक हवाच होता. शेठ सुट्टी देईना. म्हणून सकाळी सातला पाळी सुटली तसा नळावर तोंड धुतलं, केसांतली रुई झटकली, भांग पाडला आणि झोपून उठल्यासारखा टपरीवर गेलो.

"झोप झाली का?" आप्पांनी विचारलं.

"झाली."

"रात्रपाळी नव्हती ना?"

"सुट्टी होती आप्पा."

त्यांनी पाय मांडीवर घेतला, अंगठा दाबला. "पाय भरेल दिखस रे." म्हणजे पाय सुजलेला दिसतोय.

"आमच्या घरात सगळ्यांचे असेच पाय आहेत," मी म्हणालो.

त्यांनी विश्वास ठेवला. का ठेवणार नाहीत? म्हाताऱ्या माणसाच्या मांडीवर पाय ठेवून कोण खोटं बोलेल? मी बोललो.

रविवारी पायाची सूज उतरलेली, पहिल्या हाफमध्येच बुटात टाच हलायला लागली. लेस तळव्याखालून फिरवून आवळली आणि पळत राहिलो. दुसऱ्या हाफमध्ये स्टड मातीत रुतला, टाच बुटातून वर सरकली, पाऊल तिथंच राहिलं आणि मी वळलो. गुडघ्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. आपल्या हातानं पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच.

दवाखान्यात आप्पा आले. खाटेच्या कडेला उभे राहिले, बसले नाहीत. "माझं माप चुकलं," म्हणाले आणि रडले. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. पण माझा पाय गेला होता, लूम गेला होता, खेळ गेला होता, आणि मला कुणावर तरी चिडायचं होतं. समोर आयता माणूस उभा होता. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. बस, तेवढंच केलं. पण पोरांनी ते पाहिलं आणि गल्लीभर झालं, पंडितच्या बुटानं लखनचा पाय मोडला. वर्षभर त्यांच्या टपरीवर कुणी बूट करायला गेलं नाही.

मग चौथा पंडित आला. पावलावरून आडवा पट्टा, त्याला बक्कल, टाचेत जादा गादी. तिसऱ्यापेक्षा जड, पण पाय आत गच्च बसायचा. आमच्या लूमवाल्यांचे पाय सकाळी एक आणि संध्याकाळी एक, त्यांना तो फारच मानवला. पुढं बाजारात रंगीबेरंगी, मोज्यासारखे विणलेले बूट आले आणि ऑर्डरी आटल्या, तोवर चौथाच चालला. तेवढ्या काळात आप्पांनी तिसरा पुन्हा केला नाही.

आणखी एक केलं त्यांनी. टपरीवरून त्यांच्या खोलीकडे जायचा सरळ रस्ता माझ्या दारावरून जातो. त्या दिवसापासून ते खाडीच्या बाजूनं, दुर्गंधीतून, लांबून जायचे. मला लंगडताना बघायची त्यांची छाती नव्हती. हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी दारात बसून त्यांना लांबून जाताना बघायचो आणि गप्प राहायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काय होतं ते माझं मलाच ठाऊक.

यंदा माझी चंचल अकरावीत गेली. फुटबॉल खेळते. मी शिकवलं नाही, उलट नाही म्हणालो, पण ऐकणाऱ्यातली नाही, बापावर गेलीय. जिल्ह्याच्या टीमची निवड होती. तिचे पाय माझ्यासारखे, पुढून रुंद. बाजारातले बूट तिला चावायचे, दोन्ही करंगळ्यांची नखं काळी पडली होती. मला न विचारता ती आप्पांकडे गेली. आप्पा आता सत्तरीपार, हात थरथरतात, दिवाळीनंतर टपरी बंद करून अमळनेरला मुलीकडे, उज्ज्वलाकडे, कायमचं जायचं ठरलेलं.

संध्याकाळी चंचल घरी येऊन म्हणाली, "पप्पा, आजोबा माप नथी लेता. बोले, तुना बापले इचारीसन ये."

गुजराती, हिंदी, अहिराणी एका दमात. एरवी मी हसलो असतो. तो म्हातारा अठरा वर्षांनीसुद्धा माझ्या परवानगीची वाट बघत होता. चार दिवसांवर दिवाळी, म्हणजे बोलायचं तर आता, नाहीतर हा माणूस माझं पाप डोक्यावर घेऊन गावाला जाणार आणि तिथंच मरणार. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी लंगडत टपरीवर गेलो. आप्पा मला बघून उभे राहिले. मावशीचं मशीन थांबलं.

"आप्पा, त्या दिवशी मी रात्रपाळीवरून सरळ आलो होतो," मी उभ्यानंच म्हणालो. "सुट्टी नव्हती. खोटं बोललो. तुमचं माप चुकलं नव्हतं."

आप्पा मागं वळले. टपरीच्या आतल्या खिळ्याला सगळ्यांच्या पायांचे कागद टोचलेले असतात. त्यातला सगळ्यात खालचा काढला, पिवळा पडलेला. त्यावर माझं नाव होतं. तो जमिनीवर पसरला आणि हातानं सपाट केला.

"पाय ठेव."

मी चप्पल काढून उजवा पाय ठेवला. पेन्सिलची रेघ माझ्या पायाच्या बाहेर राहिली, चहूबाजूंनी, टाचेला तर बोटभर.

"माणसाचा पाय वयानं पसरतो," आप्पा म्हणाले. "लहान होत नाही."

त्यांनी त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. मग बोलले, "चौथा बूट मी भीतीनं केला रे. लोकांना आवडला, पण मला तो कधी आवडला नाही. तिसरा मी हौसेनं केला होता."

मावशी मशीनवरून उठली. "माझ्या शिलाईत काही राहिलं असंल म्हणून मी रात्र रात्र जागले," ती म्हणाली. "तुझ्या तोंडाला कीड लागली व्हती का तेव्हा?" आणि ती टपरीच्या मागं निघून गेली. मला वाटलं, तिनं दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी आप्पांच्या पाया पडायला वाकलो. गुडघा वाकेना. त्यांनी मला धरलं नाही आणि थांबवलंही नाही.

"मला तुझा राग आलाय," ते शांतपणे म्हणाले. "तो आता जाईल तेवढं आयुष्य मला राहिलेलं नाही. पोरीला उद्या सकाळी पाठव. झोपून उठलेली पाठव."

त्यानंतरचे दिवस मी गेटवर बसून टेम्पोंचे नंबर चुकीचे लिहीत राहिलो.

निवडीच्या दिवशी सकाळी आम्ही निघायच्या तयारीत होतो. दारात कुणीतरी खाकरलं. आप्पा उभे होते, मावशीचा हात धरून. ते सरळ रस्त्यानं आले होते. माझी बायको जयश्री पाणी आणायला धावली. आप्पांनी पिशवीतून बूट काढून चंचलच्या पुढ्यात ठेवले. काळे, मऊ, पुढं दोन्ही बाजूंना चार-चार ओळी. थरथरत्या हातानं शिवलेले, तरी टाका सरळ होता.

चंचलनं उलटसुलट करून बघितले. "आजोबा, पट्टा नथी?"

"माप खरं आहे," आप्पा म्हणाले. "पट्टा कशाला?"

तो माझाच बूट होता, तिसरा पंडित, अगदी तसाच. तो माझ्या लेकीच्या पायात जाणार होता आणि माझ्या तोंडावर आलं होतं की आप्पा, तेवढा पट्टा लावून द्या. आप्पा माझ्याकडेच बघत होते. मी काय म्हणतो ते ऐकायलाच ते इथवर चालत आले होते.

मी जमिनीवर बसलो, उजवा पाय सरळ पसरून. चंचलचा पाय माझ्या मांडीवर घेतला. बूट चढवला, जीभ सारखी केली, लेस बांधली. मग दुसरा.

चंचल उठली, दारातून धावत गल्लीच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. आप्पा खाली तिच्या पायांकडे बघत होते.

"टाच हलते का?" त्यांनी विचारलं.

"नाही," चंचल म्हणाली.

त्यांनी तेच माझ्याकडे बघून पुन्हा विचारलं.

"नाही आप्पा," मी म्हणालो. "तेव्हाही बूट बरोबरच होता."

"व्हता," आप्पा म्हणाले, आणि आमच्या ओट्यावर बसून जयश्रीच्या हातचं पाणी प्यायले.