शेवटचा आकडा पुसला तरी

रोहण्याच्या शाळेत रूपराव मास्तरांनी जन्मभर गणित शिकवलं, पण जीव अडकला होता तो एकाच संख्येत. ७३९३९१३३. एक आणि ती स्वतः, याखेरीज तिला कशानेही भाग जात नाही, म्हणजे मूळ संख्या. तशा मूळ संख्या ढीगभर आहेत. हिची खोडच वेगळी. उजवीकडचा एक आकडा पुसा, उरते ती मूळच. पुन्हा पुसा, तरी मूळ. पुसत पुसत शेवटी सात उरतो, तोही मूळ! मास्तर फळ्यावर हा खेळ करायचे तेव्हा शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा माना वर काढायची.

निवृत्तीनंतर त्यांनी नववा आकडा जोडायचा ध्यास घेतला. शेवटी एक किंवा सात लावला, की तीनने भाग जातो. तीन किंवा नऊ लावला, तर भागणारा शोधता शोधता माणूस टेकीला येतो, पण तोही सापडतोच. याहून लांब अशी संख्याच नाही, हे सिद्ध झालेलं त्यांना ठाऊक होतं. तरी स्वस्थ बसवेना. अंगणात येरझारा, बोटांची चाळवाचाळव, कपातला चहा थंडगार.

मग विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग विहिरीवरचा पंप, मग स्वतःचीच गल्ली. मुलगा सचिन आईवडिलांना नागपूरला आपल्याकडे न्यायला आला, तर मास्तर उखडलेच.

"ज्या दिवशी माहा आकडा चुकन, त्या दिवशी येतो मी. तोपर्यंत हा विषय काढू नको."

सचिनने मानलं. गणिताच्या घरात माणसाचं डोकं आकड्यावर जोखायचं, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

तेव्हापासून नलूबाईंच्या, मास्तरांच्या बायकोच्या, जिवाला थारा नव्हता. रोज सकाळी मास्तर संख्या म्हणायचे, एकेक आकडा गाळत सातापर्यंत यायचे, आणि त्या गॅसपाशी श्वास रोखून ऐकायच्या. त्यांना गाव सोडायचं नव्हतं. सचिनच्या फ्लॅटच्या चार भिंतींत आपण गुदमरून जाऊ, ही त्यांना धास्ती. नवरा चुकू नये म्हणून पुढचा आकडा त्या आधीच मनात म्हणून ठेवायच्या.

दिवाळीला सचिन आला. "बाबा, आकडा येते ना अजून?"

मास्तर ताठ उभे राहिले. सात, तीन, नऊ, तीन, नऊ, एक, तीन, तीन. मग एकेक आकडा गाळत, कुठेही न अडखळता, थेट सातावर आले. सचिनचा चेहरा उजळला. नलूबाईंना तर आनंदाने रडूच फुटलं. जिंकलो आपण, असं वाटलं त्यांना.

मास्तर त्यांच्याकडे वळले. जरा संकोचून त्यांनी हात जोडले.

"बाई, आमची नलू दिसली का कुठं? तिले सांगजा, आकडा जमला म्हनून."

नलूबाईंनी पदराने डोळे कोरडे केले.

"सांगीन जी," त्या म्हणाल्या.

मग कुणाकडे न बघता त्या आतल्या खोलीत गेल्या आणि मास्तरांचे कपडे पिशवीत भरू लागल्या.